आधारची झेरॉक्स: तपासणारा कुणी नाही, साठवणारे सगळे

नमस्कार मंडळी. आज एका कागदाबद्दल बोलायचंय. तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स. आजवर ती कुणाकुणाला दिलीत, जरा आठवून बघा. सिमकार्डवाला, गॅस एजन्सी, घरमालक, मेस, जिम, महाबळेश्वरचं लॉज, पोरीच्या शाळेचा प्रवेश, सोसायटीचं ऑफिस. यातल्या एकाने तरी काम झाल्यावर ती परत दिली का? किंवा फाडून टाकली, असं सांगितलं का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांना लगेच कमेंट लिहायला घेता येईल. झेरॉक्स मागणारा माणूस तुमची ओळख तपासत नाही. तो फक्त कागद जमवतो. ओळख तपासायची सोय वेगळी आहे, फुकट आहे, आणि ती जवळजवळ कुणीच वापरत नाही.

(स्क्रीनवर: पुणे, नवी पेठ, शास्त्री रोड, दुपारची वेळ)

हा शास्त्री रोड. स्पर्धा परीक्षेची पोरं, अभ्यासिका, मेस, आणि दर चार दुकानांआड एक झेरॉक्सवाला. फॉर्म भरायचे दिवस आले की इथे उभं राहायला जागा नसते. कुठल्याही दुकानात जा, भिंतीवर एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो. पेन ड्राइव्ह आता कुणी घेत नाही, त्यात व्हायरस असतो. "दादा, नंबरवर टाका." आपण टाकतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच असतं, आणि त्याचा स्क्रीन बऱ्याचदा गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो, कारण "यातलं कुठलं तुमचं?" हे विचारायला सोपं पडतं.

त्या स्क्रीनकडे एकदा नीट बघा. डावीकडे नंबरांची रांग. प्रत्येक नंबरखाली एक पीडीएफ. आधार, पॅन, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, दहावीची मार्कलिस्ट. तुमच्या आधी येऊन गेलेल्या मुलीचं आधार, तिचा फोटो, तिचा पत्ता आणि तिचा मोबाइल नंबर, सगळं एकाच चॅटमध्ये. कालचं, परवाचं, गेल्या महिन्यातलं. डाउनलोड्सचा फोल्डर उघडला तर बघायलाच नको.

आणि आता खरी गंमत. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो. सुरक्षेसाठी. तो पासवर्ड काय? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. हे सगळ्यांना माहीत आहे, झेरॉक्सवाल्याला तर झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेल. तो विचारतो, "नाव काय? साल कुठलं?" तुम्ही पाच माणसांसमोर मोठ्याने सांगता, तो टाइप करतो, फाइल उघडते.

यात मी झेरॉक्सवाल्याला चोर म्हणत नाहीये, हे नीट ऐका. बिचारा पानामागे दोन-तीन रुपये घेतो, त्याच्या डोक्यात डेटा वगैरे काही नसतं. मात्र त्याच्याकडे कामाला येणारा पोरगा दर काही महिन्यांनी बदलतो. तो कॉम्प्युटर उद्या भंगारात जाईल किंवा दुसऱ्याला विकला जाईल. पेठांतल्या दुकानांवर दुपारी एक ते चार काय करायचं नाही, याच्या पाट्या आहेत. सुट्ट्या पैशांच्या पाट्या आहेत. "तुमची फाइल प्रिंटनंतर डिलीट केली जाते" अशी पाटी मात्र मी अजून एकाही दुकानात वाचलेली नाही.

बरं, ही झेरॉक्स पुढे जाते कुठे? घरमालकाकडे. तो काय करतो? फाइलला लावतो. लॉजवाला रजिस्टरच्या पानाला स्टेपल मारतो. त्या कागदावरचा फोटो काळा ठिक्कर आलेला असतो, त्यात तुम्ही आहात की तुमचा मावसभाऊ, हे तुमच्या आईलाही सांगता येणार नाही. कार्ड खरं की कुणी घरी बसून बनवलेलं, हे नुसता कागद बघून कळायचा काही मार्ग नाही. म्हणजे ज्या कामासाठी कागद घेतला, ते काम झालंच नाही. एक नक्कल तेवढी वाढली.

आता ती दुसरी सोय. आधारवर क्यूआर कोड असतो, तो मोठा, दाट ठिपक्यांचा चौकोन. शोभेसाठी नाहीये तो. त्यात तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असतो, आणि या सगळ्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. प्राधिकरणाच्या फुकट ॲपने तो स्कॅन केला की ही माहिती पडद्यावर येते. कुणी फोटो बदलला, पत्ता बदलला, तर सही जुळत नाही आणि ॲप तसं सांगतं. त्यात आधारचा पूर्ण नंबर नसतो, फक्त शेवटचे चार आकडे. म्हणजे घरमालकाने अर्ध्या मिनिटात खात्री करावी, फोन परत द्यावा, विषय संपला. झेरॉक्सपेक्षा ही तपासणी शंभर पटीने पक्की आहे. पण आपल्याकडे कागद हातात आल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटतच नाही, त्याला काय करणार?

"अरे पण सरकार काही सांगत नाही का?" सांगितलं होतं ना. दोन दिवस.

27 मे 2022. प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने पत्रक काढलं. आधारची झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. त्याऐवजी मास्क्ड आधार, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार, द्या. सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर आधार डाउनलोड करू नका, केलंत तर सगळ्या प्रती पुसून टाका. परवाना नसलेल्या हॉटेलांनी, सिनेमागृहांनी आधारच्या प्रती गोळा करणं किंवा ठेवणं चालणार नाही. वाचून मी म्हटलं, वा, कुणीतरी आपल्या शास्त्री रोडवर चक्कर मारून गेलेलं दिसतंय. लोक मात्र घाबरले, कारण इतकी वर्षं सांगितलं होतं की आधार एकदम सुरक्षित आहे. 29 मेला केंद्राने पत्रक मागे घेतलं. अर्थाचा अनर्थ होऊ शकतो म्हणून. नागरिकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी, एवढंच सांगितलं. नेहमीची म्हणजे कुठली? आपली नेहमीची खबरदारी म्हणजे झेरॉक्सच्या दोन जादा कॉप्या काढून ठेवणं!

कायद्याकडे येऊ. थोडं मागून सुरू करतो, कारण यात एक पुण्याचा धागा आहे. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका होती कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांची, आणि मूळ भांडण आधारचंच. या निकालातलं प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, आणि त्यात, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, असं सांगणारा 1976 चा निकाल चुकीचा ठरवला. त्या 1976 च्या खंडपीठात कोण होतं? त्यांचे वडील, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएसचे विद्यार्थी. वडिलांचा निकाल मुलाने फिरवला, तोही भर न्यायालयात. असो, हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

मग 26 सप्टेंबर 2018 चा आधारचा निकाल. बँक खात्याला, मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती गेली. खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी, आधार कायद्याच्या कलम 57 मधली तरतूद रद्द झाली. वर्षभरात संसदेने कायदा बदलून बँका आणि मोबाइल कंपन्यांना दार पुन्हा किलकिलं करून दिलं, पण तुमच्या मर्जीने, सक्तीने नाही.

आणि आता नवा कायदा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून 18 महिन्यांनी लागू, म्हणजे मे 2027. माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटींपर्यंत दंड. आकडा ऐकायला छान वाटतो.

पण कायद्याच्या नावातला पहिला शब्द बघा, डिजिटल. माहिती डिजिटल स्वरूपात असेल, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केली असेल, तरच हा कायदा लागू. लॉजच्या रजिस्टरला स्टेपल केलेली तुमची झेरॉक्स जोवर कागद आहे, तोवर या कायद्याच्या हिशेबी ती अस्तित्वातच नाही. लॉजवाल्याने मोबाइलने तिचा फोटो काढला की मग कायदा जागा होतो. आपल्या देशातली कितीतरी ओळखपत्रं अशीच कपाटांत, गठ्ठ्यांत, कधीकधी भेळेच्या पुड्यात सापडतात, आणि कायदा लिहिणाऱ्यांना तो गठ्ठा दिसला नाही.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. तो 250 कोटींचा दंड जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातला एक रुपया नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 43अ होतं, कंपनीच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तर भरपाई मागता यायची. नवा कायदा पूर्ण लागू झाला की तेही कलम जाणार. आणि तुम्ही खोटी किंवा फालतू तक्रार केलीत, तर तुम्हालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे नुकसान माझं, दंड सरकारला, आणि वर तक्रार करतानाही जपून.

याच कायद्याने जाता जाता माहिती अधिकाराच्या कायद्यातही हात घातला. कलम 8(1)(j) आधी म्हणायचं, खासगी माहिती नाकारता येईल, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा जनहित मोठं असेल तर द्यावी लागेल. आता त्या कलमात नुसतं "वैयक्तिक माहिती" उरलंय. कलम 8(2) मध्ये जनहिताची खिडकी अजून आहे, पण माहिती अधिकाऱ्याला नाही म्हणायला आयतं कारण मिळालं. आणि हा बदल मात्र 18 महिने थांबला नाही, नियम आले त्याच वेळी लागू. पुणे जिल्ह्याला हे जास्त लागतं. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी याच कायद्याने जमीन व्यवहार बाहेर काढत होते, जानेवारी 2010 मध्ये त्यांचा खून झाला. अशा माणसांच्या हातातलं हत्यार बोथट करताना खासगीपणाचं नाव घेतलं जातंय, आणि ज्यांच्या खासगीपणाचं नाव घेतलंय, त्यांचं आधार झेरॉक्सच्या दुकानातल्या डाउनलोड्समध्ये पडून आहे. आंधळं दळतंय.

(स्क्रीनवर: भाडेकराराचं शेवटचं पान, सगळी माहिती पुसट केलेली)

आता झेरॉक्सपेक्षाही मोठा मासा. तुमचा भाडेकरार. पुण्यात हल्ली लीव्ह अँड लायसन्स घरबसल्या होतं. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, मालकाचा, भाडेकरूचा, साक्षीदारांचा अंगठा घेतो, फोटो काढतो. सोय झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जी पीडीएफ तयार होते, तिच्या शेवटच्या पानांवर सगळ्यांचे फोटो आणि सगळ्यांच्या अंगठ्यांचे ठसे असतात. ती पीडीएफ एजंट व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो. मालक ती सोसायटीच्या ऑफिसला फॉरवर्ड करतो. भाडेकरू गॅस कनेक्शनसाठी ती प्रिंटला देतो. कुठे? तर त्याच भिंतीवरच्या नंबरवर.

अंगठ्याचं एवढं काय? सांगतो. आधारवर पैसे काढायची एक सोय आहे, गावाकडे बँक मित्र असतो ना, तीच. बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा, बस. ओटीपी नाही, पिन नाही. एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत निघतात. तेलंगणात आणि हरियाणात पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत, ज्यांनी जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांच्या रबरी नकला केल्या. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

तर आता करायचं काय, ते पटापट. मायआधारच्या साइटवर ओटीपी टाकून लॉगिन करा, डाउनलोड करताना मास्क्ड आधारच्या चौकोनात टिक करा. पहिले आठ आकडे झाकलेलं कार्ड मिळतं. प्रिंट द्यायचंच झालं तर ते द्या, त्यावर आडवं लिहा, "फक्त भाडेकरारासाठी", तारीख टाका, सही करा. याने जादू होत नाही, पण तोच कागद दुसरीकडे खपवणं अवघड जातं. दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तर प्रिंट हातात आल्यावर तिथेच उभं राहून दोन्हीकडून मेसेज डिलीट करा, आणि डाउनलोड झालेली फाइल दुकानदाराकडून पुसून घ्या. तो वैतागेल. वैतागू दे. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

घरमालक म्हणेल, "हे अर्धवट काय दिलंत?" त्याला क्यूआर स्कॅन करून दाखवा. माझ्या अनुभवात वयस्कर काकांना हे पोरांपेक्षा लवकर पटतं, कारण पडद्यावर फोटो येतो आणि त्यांना खरोखरच खात्री करायची असते. अडून बसतात ते एजंट.

आणि बायोमेट्रिक लॉक. मायआधारच्या साइटवर किंवा प्राधिकरणाच्या मोबाइल ॲपमध्ये आहे. लॉक केलंत की तुमच्या अंगठ्याची नक्कल कुणाकडे असली तरी आधारच्या मशीनवर ती चालणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मग तुमचा स्वतःचा अंगठाही चालत नाही. करारासाठी एजंट दारात उभा राहिला की आधी थोड्या वेळासाठी अनलॉक करायचं, तो मशीन पिशवीत घालेपर्यंत ते आपोआप परत लॉक झालेलं असतं. आईवडिलांना गावी अंगठ्यावर रेशन मिळत असेल, तर त्यांचं लॉक करू नका, दुकानातून हात हलवत परत यावं लागेल. त्यांच्यासाठी बँकेत जा आणि आधारवरून पैसे काढायची सोय त्यांच्या खात्यापुरती बंद करता येते का, हे लेखी अर्ज देऊन विचारा. पोच घ्यायला विसरू नका. अर्जाला आधारची झेरॉक्स जोडा म्हणतील, तेव्हा मास्क्ड जोडा.