हिंदुस्थानचा हिशेब मागणारा खासदार

(इंग्लंडमधलं सॉल्सबरी, बाजारचौक)
हा पुतळा हेन्री फॉसेट यांचा. 1833 साली याच गावात एका कापड दुकानदाराच्या घरी ते जन्मले.

(हार्नम हिलचा उतार)
17 सप्टेंबर 1858. बापलेक तित्तिरांच्या शिकारीला आले होते. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेला. समोर मुलगा आहे हे त्यांना दिसलं नाही आणि बार उडाला. हेन्रींनी उन्हासाठी रंगीत चष्मा घातला होता. दोन्ही काचांना गोल भोकं पाडून छर्रे डोळ्यांत गेले आणि दृष्टी कायमची गेली. वय 25. पार्लमेंटमध्ये जायचं हे आधीच ठरलेलं, आणि ते ठरलेलंच राहिलं. घोड्यावरची रपेट, गोठलेल्या पाण्यावरचं स्केटिंग, मासेमारी, यातलं काही सुटलं नाही. 1863 साली ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, 1865 साली ब्रायटनचे खासदार.

(1872 चं चित्र, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन)
सोबत पत्नी मिलिसंट. अहवाल, पत्रं, आकडे त्या वाचून दाखवत. हेन्री ते डोक्यात ठेवत आणि सभागृहात तोंडपाठ मांडत.

(लंडन, दरबार कोर्ट)
इथे तेव्हा इंडिया ऑफिस, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारं ब्रिटिश सरकारचं खातं, होतं. 1867 साली तुर्कस्तानच्या सुलतानासाठी इथे जंगी नाच-मेजवानी झाली. पाहुणा इंग्लंडचा, बिल मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीवर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! फॉसेट यांनी भर सभागृहात हा खर्च उकरून काढला. पुढे हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करायला संसदेची समिती बसली, तीत ते होते. 1873 साली दादाभाई नौरोजींनी याच समितीपुढे साक्ष दिली. ज्यांना मतच नव्हतं, त्यांच्यासाठी हा माणूस भांडत होता. लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हणू लागले. 1874 साली ब्रायटनला ते पडले, तेव्हा लंडनमधल्या हॅकनीच्या निवडणुकीसाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली.

(पोस्टाची तिकिटं, जवळून)
1880 साली ते पोस्टमास्टर जनरल, म्हणजे ब्रिटनच्या टपाल खात्याचे प्रमुख, झाले. त्यांनी बचतीची एक सोय काढली. गरिबाने पेनीचं एकेक तिकीट कागदावर चिकटवत जायचं. बारा झाली की शिलिंगभर रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात जमा. पार्सल टपालही त्यांच्याच काळातलं, 1883 चं.

(पार्लमेंट स्क्वेअर)
1884 साली, पदावर असतानाच, ते वारले. मिलिसंट यांनी पुढे स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ चालवली. 2018 साली बसवलेला हा पुतळा त्यांचा.