रस्त्याकडे पाठ करून काढलेला डोंगर

(पूर्ण चित्र. पावसाचा आवाज.)

हा अंजनेरी. नाशिकहून त्र्यंबककडे निघालं की विसेक किलोमीटरवर डाव्या हाताला येतो. चित्र जलरंगातलं, हाफ इंपीरियल कागदावर, म्हणजे साधारण 15 बाय 22 इंच.

बघणारे बहुतेक जण म्हणतात, "काय हिरवंगार आहे!" पण नीट पाहा, हिरवा रंग चित्राचा तिसरा हिस्साही व्यापत नाही. बाकी सगळं काळं आणि पांढरं.

त्यातला पांढरा तर रंगच नाही, तो कोरा सोडलेला कागद. चित्रकाराने धबधबे काढलेच नाहीत, त्यांच्या दोन्ही बाजूंचा कातळ काढला. धुकं मात्र ओल्या कागदावर रंग सोडून आणलंय. श्रावणात उघड्यावर बसून हे करायचं म्हणजे धीर हवा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायचं नावच घेत नाही.

(कॅमेरा कड्यावर.)

काळ्यात आडवे पट्टे दिसतात? पट्टा, वर हिरवी पायरी, पुन्हा पट्टा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. कठीण थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजले, तिथे माती धरली आणि मातीत कारवी. शाळेत आपण दोन त्रिकोणी डोंगर काढायचो, मधोमध सूर्य. सह्याद्री तसा नाहीच! या चित्रकाराचा चपटा ब्रश आडवाच फिरलाय, म्हणून हा डोंगर ओळखीचा वाटतो.

चित्रात घर नाही, विजेचा खांब नाही. प्रत्यक्षात तिथे उभं राहिलं की मागे गाड्यांचे हॉर्न आणि मक्याची कणसं भाजल्याचा धूर. चित्रकार रस्त्याकडे पाठ करून बसला. याला मी लबाडी म्हणणार नाही. पण हे रान त्याने निवडून घेतलेलं आहे, तेवढं ध्यानात ठेवून बघावं.

(उजवा खालचा कोपरा, अगदी जवळून.)

आणि ही रेघ. बोटभर लांब, रंग ओलसर असताना ब्लेडच्या टोकाने खरवडलेली. गवतातून वर चढणारी पायवाट. रोज गुरं जातात, त्यांच्यामागे गुराखी जातो, तेव्हा अशी वाट पडते. चित्रात मात्र ना गुरं, ना गुराखी.

(चित्र उलटं केलं जातं.)

मागे पेन्सिलीने लिहिलंय: श्रावण, दुपारी 4. म्हणजे गुरं वरच असणार. तासाभरात याच वाटेने खाली येतील.