युरॅसिल: आधी यू, मग टी

(दृश्य: वेंगुर्ल्याजवळची माडांची बाग, पोयीला बांधलेलं मडकं)

हे मडकं बघा, सकाळी उतरवलेली माडी गोड असते आणि दुपारपर्यंत तिला फेस येतो, तो फेस आणतं यीस्ट. असं जोरात वाढणारं यीस्ट सारखं प्रोटीन बनवत असतं आणि प्रोटीन बनवायला लागतो आरएनए, त्यामुळे त्याच्या पेशीत डीएनएपेक्षा आरएनए कितीतरी पट जास्त भरलेला असतो. म्हणूनच १९०० साली जर्मनीत, अल्ब्रेख्त कॉसेल यांच्या लॅबमध्ये, अल्बेर्तो अस्कोली या संशोधकाला युरॅसिल, म्हणजे आरएनएच्या चार अक्षरांपैकी यू, सापडलं ते यीस्टमध्ये. थायमिन, म्हणजे डीएनएमधलं टी हे अक्षर, त्याच्या काही वर्षं आधी सापडलं होतं, वासराच्या थायमस ग्रंथीतून. त्यामुळे बरीच वर्षं लोकांना वाटायचं की आरएनए हे आम्ल वनस्पतींचं (यीस्टला तेव्हा वनस्पतींत धरायचे) आणि डीएनए हे प्राण्यांचं, दोन्ही आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शेजारी शेजारी असतात हे नंतर कळलं.

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य घोकलंय, आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल असतं. वाक्य चूक नाहीये, पण त्याने असं वाटतं की खरं अक्षर टी आणि यू म्हणजे बदली कामगार. मला हे मनापासून खटकतं, कारण पेशीत नेमकं उलटं घडतं.

(दृश्य: दोन्ही रेणूंचं ॲनिमेशन)

युरॅसिल म्हणजे फक्त १२ अणू. चार कार्बन, चार हायड्रोजन, दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. हे समोरच्या ॲडेनिनला, म्हणजे ए या अक्षराला, दोन हायड्रोजन बंधांनी धरतं. थायमिन म्हणजे हेच युरॅसिल, फक्त पाचव्या जागेवर एका हायड्रोजनऐवजी मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) बसवलेला. आणि ॲडेनिनला धरायची पद्धत? तीच. आता पेशी काय करते, आधी यूवाला घटक बनवते, मग त्यातला काही भाग वेगळा काढून त्यावर मिथाइल चढवते आणि मग तो टी म्हणून डीएनएत जातो. म्हणजे नव्याने बनणारा टी हा आधी यू होता.

तो मिथाइल आणून देतं फोलेट. आशाताई गरोदर बाईला लोहाबरोबर फोलिक ॲसिडची जी गोळी देतात तेच, आणि अळूच्या फतफत्यात, चवळीच्या पाल्यात असतं तेही तेच. फोलेट कमी पडलं की टी कमी पडतो आणि डीएनएत टीच्या जागी यू घुसायला लागतो, दुरुस्ती करणारी यंत्रणा तो कापून काढते, भरायला पुन्हा यूच मिळतो, पुन्हा कापते, असं करता करता धागाच तुटतो. रक्त बनवणाऱ्या पेशींना याचा फटका लगेच बसतो आणि एक प्रकारचा ॲनिमिया होतो. कॅन्सरवरचं फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध यूवर मिथाइल चढवायच्या याच पायरीवर घाव घालतं, चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये ते पुढे आणलं, आतड्याच्या कॅन्सरला अजूनही देतात.

मग एवढा खटाटोप कशाला, डीएनएने पण यूच वापरला असता तर काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं ते सायटोसिनमुळे. सी हे अक्षर पाण्यात आपोआप थोडं थोडं खराब होत राहतं, त्याचा अमिनो गट गळतो आणि जे उरतं ते असतं युरॅसिल. आपल्या एकेका पेशीत हे रोज शंभराच्या आसपास वेळा होतं. डीएनएत यू हे नेहमीचं अक्षर असतं तर यातला मूळचा यू कुठला आणि खराब झालेला सी कुठला हे कोण ओळखणार? पण डीएनएत यू चालतच नाही, त्यामुळे दिसला यू की तो बिघाड. एक एन्झाइम धाग्यावरून सरकत जातं, यू सापडला की तेवढंच अक्षर बाहेर वळवून घेतं आणि छाटतं, मग रिकाम्या जागी पुन्हा सी बसतो. टोमास लिंडाल यांनी हे एन्झाइम १९७४ मध्ये शोधलं, २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग हाच.

आरएनएला हा खर्च परवडत नाही आणि गरजही नाही. डीएनए म्हणजे जमिनीचा सातबारा, आरएनए म्हणजे आज बाजारातून काय आणायचं त्याची चिठ्ठी. काम झालं की पेशी तो तोडून टाकते, बऱ्याचदा काही मिनिटांत नाहीतर काही तासांत.

(दृश्य: दोडामार्ग, काजूची बाग)

पण काही जणांचा सातबाराच आरएनएत असतो आणि ते सिंधुदुर्गाला चांगलंच माहितीये. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, ऐन काजूच्या हंगामात, बागेत पाचोळ्यातून फिरणाऱ्यांना गोचीड चावून. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातल्या साथीत सापडला, त्याचं सगळं लिखाण म्हणजे आरएनएची साधारण ११ हजार अक्षरं आणि त्यात टी एकही नाही, सगळीकडे यू. नक्कल करताना झालेल्या चुका तपासायची सोयही त्याच्याकडे नाही.

ताप आलेल्या माणसाचं रक्त आरटी-पीसीआरला जातं तेव्हा मशीनला तो आरएनए तसाच्या तसा वाढवता येत नाही, पीसीआर चालते डीएनएवर. म्हणून आधी एक एन्झाइम त्या आरएनएवरून डीएनए बनवतं, तिथे प्रत्येक यूच्या जागी टी येतो आणि मग त्या डीएनएच्या लाखो प्रती निघतात. या विषाणूचा जीनोम डेटाबेसमध्ये उघडून बघा, पहिल्या ओळीपासून टीच टी दिसतील, ते सगळे विषाणूत यू आहेत.