अँपिअर, अबअँपिअर आणि प्रकाशाचा वेग

विद्युतधारेच्या एककांचे रूपांतर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना दशांशचिन्ह सरकवण्याचा खेळ आठवतो, आणि रोजच्या वापरापुरते ते खरेही आहे. मल्टिमीटरची खुंटी 20 मिलिअँपिअरवर ठेवली आणि पडद्यावर 4.72 हा आकडा दिसला, तर ती धारा 4.72 मिलिअँपिअर, म्हणजे 0.00472 अँपिअर किंवा 4720 मायक्रोअँपिअर असते. येथे चूक होते ती गणितात नव्हे, तर खुंटी कोठे आहे हे न पाहता आकडा लिहून घेण्यात. बॅटरीवर छापलेला मिलिअँपिअर-तास मात्र या हिशेबात आणू नये. तो विद्युतप्रभार सांगतो, धारा नव्हे, आणि 5000 मिलिअँपिअर-तास म्हणजे 18,000 कूलोम.

खरी गंमत जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत आहे. त्या पद्धतीत धारेची दोन वेगळी एकके होती. दोन तारांमधल्या चुंबकीय बलावरून धारा मोजली की अबअँपिअर मिळतो, आणि तो 10 अँपिअरचा असतो. स्थिर प्रभारांमधल्या बलावरून आधी प्रभाराचे एकक ठरवले आणि दर सेकंदाला किती प्रभार वाहतो ते पाहिले, की स्टॅटअँपिअर मिळतो. हा इतका लहान, की एका अँपिअरमध्ये सुमारे 299.8 कोटी स्टॅटअँपिअर मावतात. मग एका अबअँपिअरचे स्टॅटअँपिअर किती? सुमारे 2998 कोटी. हा आकडा ओळखीचा वाटला असेल, कारण प्रकाश एका सेकंदात तितकेच सेंटिमीटर अंतर कापतो.

हा योगायोग नाही. दोन्ही एककांची मिती, म्हणजे लांबी, वस्तुमान आणि काळ यांतून झालेली त्यांची घडण, ताडून पाहिली, तर त्यांच्या गुणोत्तरात अंतर भागिले काळ एवढेच उरते, म्हणजे हा रूपांतराचा गुणक मुळातच एक वेग आहे. तो वेग केवढा, हे 1856 साली वेबर आणि कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगाने शोधले. त्यांनी लेडन बरणीतला, म्हणजे प्रभार साठवणाऱ्या काचेच्या बरणीतला, प्रभार आधी स्थिरविद्युत बलावरून मोजला आणि मग तीच बरणी गॅल्व्हनोमीटर या धारा दाखवणाऱ्या उपकरणातून रिकामी करून सुईला बसलेला हिसका पाहिला. त्यांच्या मोजणीतून सेकंदाला सुमारे 3,10,000 किलोमीटर इतका वेग निघतो. काही वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी हा आकडा प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशेजारी ठेवला आणि प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचा निष्कर्ष काढला. एककांच्या कोष्टकातल्या एका ओळीतून एवढे निघावे, याचे मला आजही नवल वाटते.

अबअँपिअरचा तो 10 हा साधा गुणकही वाटतो तितका साधा राहिलेला नाही. 1948 पासून अँपिअरची व्याख्या एक मीटर अंतरावरच्या दोन समांतर तारांमधील बलावर बेतलेली होती, त्यामुळे तो नेमका 10 होता. 20 मे 2019 पासून मात्र इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य निश्चित धरून अँपिअर ठरतो, म्हणून हा गुणक आता प्रयोगाने तपासावा लागतो, आणि आजवरच्या मोजमापांनुसार त्यातला फरक एक अब्जांशाहूनही कमी आहे.