रेल्वेचा राजा: जॉर्ज हडसन

लंडनच्या हाइड पार्कला लागून उभी असलेली ही इमारत म्हणजे आजचा फ्रान्सचा दूतावास. १८४० च्या दशकात हे जॉर्ज हडसनचं घर होतं. अख्खं इंग्लंड तेव्हा त्याला ‘रेल्वेचा राजा’ म्हणायचं.

हा राजा शेतकऱ्याचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले. यॉर्कमधल्या एका कापड दुकानात तो उमेदवारीला लागला आणि पुढे तिथेच भागीदार झाला. १८२७ मध्ये चुलत आजोबांच्या मृत्युपत्रातून सुमारे तीस हजार पौंड हाती आले. हळूहळू दुकान मागे पडलं आणि रेल्वेने त्याला झपाटलं.

तुकड्या-तुकड्यांची रेल्वे कुणाच्याच कामाची नाही, हे हडसनला फार लवकर उमगलं. डर्बीला तीन कंपन्यांचे मार्ग मिळत. त्यातल्या दोघी लंडनच्या प्रवाशांसाठी भाडं पाडत एकमेकींना बुडवायला निघाल्या होत्या. हडसनने तिन्ही एकत्र आणल्या आणि १८४४ मध्ये मिडलंड रेल्वे उभी राहिली. आता हजार मैलांहून जास्त रूळ त्याच्या ताब्यात होते. ही दूरदृष्टी खरीच मोठी होती.

पण हिशेब? भागधारकांना घसघशीत लाभांश हवा असे, आणि हडसन तो देई. उत्पन्न कमी पडलं, की भांडवलातून. म्हणजे रूळ टाकायला लोकांनी भरलेला पैसाच नफा म्हणून त्यांच्या खिशात परत येत होता! पैसे येताहेत तोवर वह्या दाखवा म्हणायला कुणी उठलं नाही. हे पाप एकट्या हडसनच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही.

१८४९ मध्ये अखेर भरसभेत प्रश्न आला. हडसनने स्वतःजवळचे शेअर्स, आपणच अध्यक्ष असलेल्या कंपनीच्या गळ्यात चढ्या दराने मारले होते. चौकशी समित्या बसल्या, एकेक अध्यक्षपद गेलं. त्याच वर्षी त्याचा मेहुणा रिचर्ड निकोल्सन याने ऊझ नदीत जीव दिला.

संडरलंडचे मतदार मात्र त्याला सोडायला तयार नव्हते. त्याच्या पुढाकाराने बांधलेली गोदी १८५० मध्ये सुरू झाली, आणि १८५९ पर्यंत ते त्यालाच खासदार म्हणून निवडून देत राहिले. खासदाराला कर्जापायी अटक होत नसे. ते कवच गेलं, तसा तो फ्रान्समध्ये जाऊन राहिला. १८६५ मध्ये निवडणूक लढवायला परतला, तो थेट यॉर्कच्या तुरुंगात गेला. १८७१ मध्ये लंडनला त्याचा मृत्यू झाला.

यॉर्कने त्याच्या नावाचा रस्ता बदलून ‘रेल्वे स्ट्रीट’ केला होता. १९७१ मध्ये तो पुन्हा ‘जॉर्ज हडसन स्ट्रीट’ झाला.