किरणाला आकडे ठाऊक नसतात

(व्हिज्युअल कम्प्युटिंगच्या, म्हणजे कॉम्प्युटरने चित्रं घडवण्याच्या शास्त्राच्या, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर कोल्हापुरात दिलेलं पहिलं व्याख्यान, लेखी रूपात थोडं नीटनेटकं करून.)

मित्रहो, सुरुवात देवळापासून करते. परंपरेने ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. तुमच्यापैकी बरेच जण लहानपणी आईवडिलांचा हात धरून त्या गर्दीत उभे राहिले असतील. आज त्याच किरणाकडे गणिताच्या डोळ्यांनी बघू. या वर्षी तुम्हाला जे गणित लागणार आहे त्याचा निम्माअधिक भाग त्या एका किरणात आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी तारखा घ्या. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस मोजलेत तर ४१ येतात. २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. म्हणजे सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातानाचा एक मुक्काम आणि परततानाचा तोच मुक्काम. दोन्ही वेळा तो आकाशात जवळजवळ एकाच वाटेने मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १६.७ अंश उत्तरेला, ही मावळती बरोबर पश्चिमेला नसून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकलेली असते.

आता हा किरण आकड्यांत मांडू. पूर्व, उत्तर आणि वर अशा तीन दिशा घेतल्या, तर सूर्य अगदी टेकलेला असताना आत येणाऱ्या किरणाची दिशा साधारण (०.९५, ०.३१, ०) अशी येईल. हा व्हेक्टर झाला. शाळेत आपण त्याला सदिश म्हणत होतो, आणि मला तो शब्द जास्त आवडतो, कारण त्यात दिशा आधीच आहे.

पण देवळात उभ्या असलेल्या माणसाला पूर्व-उत्तरेशी काय देणंघेणं? त्याच्या दृष्टीने ‘समोर’ म्हणजे किरण ज्या रेषेत येतो ती रेषा, ‘बाजूला’ म्हणजे तिला काटकोनात, आणि ‘वर’ म्हणजे वर. त्याच्या मापात तोच किरण (१, ०, ०) झाला. मधल्या काळात किरणाचं काही बदललं का? काहीच नाही. बदलली ती आपली उभं राहायची जागा आणि मोजायची पट्टी. किरणाला आपले आकडे ठाऊक नसतात.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढे वर्षभर ‘वर्ल्ड कोऑर्डिनेट’, ‘कॅमेरा कोऑर्डिनेट’, ‘ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट’ असे शब्द कानावर पडत राहतील आणि प्रत्येक वेळी एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, पुढ्यात येईल. त्या मॅट्रिक्सला घाबरायचं कारण नाही. एका पट्टीतले आकडे दुसऱ्या पट्टीत नेणारा तो तर्जुमा आहे. आपल्या उदाहरणात त्याची पहिली ओळ (०.९५, ०.३१, ०), दुसरी (-०.३१, ०.९५, ०) आणि तिसरी (०, ०, १). नव्या तीन दिशा, जुन्या भाषेत लिहिलेल्या, एकाखाली एक ठेवल्या की मॅट्रिक्स तयार. किरणाचा प्रत्येक ओळीशी डॉट प्रॉडक्ट घ्या, म्हणजे जोडीजोडीने आकडे गुणा आणि गुणाकारांची बेरीज करा. पहिला जवळपास १ येईल, बाकीचे शून्य. पाठांतर न करता, हाताने, एकदा तरी करून बघा.

डॉट प्रॉडक्टवर मी जरा थांबणार आहे, कारण चित्रातला उजेड त्यातून येतो. दोन्ही सदिशांची लांबी १ असली, तर डॉट प्रॉडक्ट म्हणजेच त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन, आणि काटकोनात तो शून्य. पृष्ठभागाला लंब असलेली दिशा, म्हणजे नॉर्मल, आणि प्रकाशाच्या स्रोताकडची दिशा यांच्यातल्या कोनाचा कोसाइन घेतला की त्या जागी किती उजेड पडतो ते कळतं. हा नियम योहान हाइनरिख लाम्बर्ट या गणितज्ञाने १७६० साली मांडला. कारण अगदी घरगुती आहे. उन्हाळ्यात अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या बाईला ते माहीत असतं: दुपारचं ऊन थेट लागतं, संध्याकाळचं पसरतं. तेवढंच ऊन जास्त जागेवर वाटलं गेलं की प्रत्येक जागेच्या वाट्याला कमी येतं. सूर्य क्षितिजापासून ५ अंशांवर असेल, तर सपाट फरशीच्या नॉर्मलशी किरण ८५ अंशांचा कोन करतो. त्याचा कोसाइन ०.०८७. त्याच क्षणी किरणाला सामोऱ्या उभ्या पृष्ठभागाला जवळपास पूर्ण वाटा मिळतो. मावळतीला पायाखालची फरशी मंद आणि समोरची उभी मूर्ती झळाळून उठलेली दिसते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. आणि कोसाइन ऋण आला तर? तर पृष्ठभागाची पाठ सूर्याकडे आहे, तिथे शून्य धरायचं. हे विसरलात तर तुमचं चित्र अंधाऱ्या बाजूने उजेड वजा करू लागेल.

दोन्ही सदिश एकाच पट्टीत असले, तर डॉट प्रॉडक्ट पट्टी फिरवली तरी बदलत नाही. पूर्व-उत्तरेच्या पट्टीत काढा नाहीतर देवळाच्या, उजेड तेवढाच येतो. यायलाच हवा, नाहीतर नकाशाची दिशा बदलल्यावर देवीच्या मुखावरचा प्रकाश बदलला असता.

किरण वर का चढतो, तेही सांगून टाकते. मावळताना इथे सूर्य मिनिटाला सुमारे ०.२३ अंश खाली उतरतो. किरण एखाद्या चौकटीच्या वरच्या कडेखालून आत येत असेल आणि समजा ती कड मूर्तीपासून ५० मीटर अंतरावर असेल, तर ५० गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे साधारण २० सेंटीमीटर. उजेडाची कड मिनिटाला वीतभर वर सरकते, डोळ्यांना दिसेल इतकी. बांधणाऱ्यांनी हे कोणत्या पद्धतीने साधलं याबद्दल मी काही दावा करत नाही. पण त्या गर्दीत उभी असले की माझे हात जोडलेले असतात आणि डोक्यात त्रिकोण चाललेला असतो, आणि दोन्हींत मला कधी भांडण वाटलं नाही.

आता बिंदू. आपल्या गावात बिंदू चौकच आहे, म्हणून तिथूनच घेऊ. बिंदू चौक ही एक जागा आहे. रंकाळा ही दुसरी. बिंदू चौकातून रंकाळ्याला जायचं तर अमुक इतकं पश्चिमेला, तमुक इतकं दक्षिणेला, हा सदिश. जागेतून जागा वजा केली की सदिश मिळतो. जागेत सदिश मिळवला की नवी जागा मिळते. पण बिंदू चौक अधिक रंकाळा म्हणजे काय? काहीच नाही. कॉम्प्युटर मात्र तीन आकड्यांत तीन आकडे मुकाट मिळवून देतो, तक्रार करत नाही. तिथे चूक शिरते. त्यावर उपाय म्हणून चौथा आकडा जोडतात: जागेसाठी १, सदिशासाठी ०. जागेतून जागा गेली की चौथ्या स्थानी ० येतो, म्हणजे सदिश. दोन जागांची बेरीज केलीत तर २ येतो आणि कुठेतरी घोटाळा झालाय हे कळतं. पण दोन्हींचे अर्धेअर्धे घेतले तर पुन्हा १ येतो, आणि तो असतो मधला बिंदू. १८२७ साली मोबियस या जर्मन गणितज्ञाने वजनांच्या तोलाचा विचार करत अशाच निर्देशकांचं पुस्तक लिहिलं. कॉम्प्युटर आकार छोट्या त्रिकोणांनी बनवतो, आणि आज पडद्यावरच्या अशा प्रत्येक त्रिकोणात रंग भरताना त्याचीच तीन वजनं वापरतात, बेरीज १ होणारी.

नॉर्मलबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगते, म्हणजे तुमचे काही दिवस वाचतील. शिकत असताना मी एक गोल घेतला, त्याला आडवा ताणून अंड्याच्या आकाराचा केला आणि त्यावर प्रकाश टाकला. उजेड चुकीच्या जागी पडत होता. चार दिवस मी दिव्याची जागा तपासत होते. दिवा बरोबर होता. मी गोलाच्या बिंदूंना ज्या मॅट्रिक्सने गुणलं, त्याच मॅट्रिक्सने नॉर्मललाही गुणलं होतं.

कौलारू घराचं छप्पर घ्या. उतार ४५ अंशांचा, म्हणजे छपराची दिशा (१, १) आणि त्याला लंब (-१, १). डॉट प्रॉडक्ट शून्य, सगळं ठीक. आता घर रुंदीला दुप्पट करा. छपराची दिशा (२, १) झाली. लंबही तसाच ताणलात तर (-२, १) येतो आणि डॉट प्रॉडक्ट -३. तो लंब राहिलाच नाही. रुंदीला दुपटीऐवजी निम्मं करा: (-१/२, १). पुन्हा शून्य. छप्पर जितकं पसरतं तितका त्याचा लंब उभा होत जातो, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. पुस्तकात याला ‘इन्व्हर्स ट्रान्सपोज’ म्हणतात. आधी छप्पर डोळ्यांसमोर आणा, मग नाव लक्षात ठेवा.

यापुढचा भाग कोल्हापूरचा आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर महालाचे खांब लांबवर गेलेले दाखवायचे. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे इथेच सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तिथून रोज जाताना एकदा तरी थांबा. पडदा रंगवणं आणि कॅमेरा घडवणं हे दोन वेगळे धंदे वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी असलेलं गणित एकच: खोलीने, म्हणजे वस्तू किती दूर आहे त्या अंतराने, भागणं.

५० मिलिमीटरच्या लेन्ससमोर ४ मीटर उंच खांब १० मीटरवर असेल, तर त्याची प्रतिमा २० मिलिमीटर. २० मीटरवर नेला तर १०. त्रैराशिक आहे हे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त दिवा, शंकू (म्हणजे उभी खुंटी) आणि सावली यांची गणितं आहेत, तीही सरूप त्रिकोणांनी सुटतात. सगळं गणित त्रैराशिकाने व्यापलेलं आहे असं ते तिथे म्हणतात, आणि तुमच्या क्षेत्रापुरतं तरी मला ते शब्दशः पटतं.

पण या भागाकाराची किंमत मोजावी लागते. तुमच्या डाव्या हाताला ४ मीटर अंतर ठेवून एक भिंत समोर पळत गेली आहे, १० मीटरपासून २० मीटरपर्यंत. चित्रात तिची टोकं मध्यापासून २० आणि १० मिलिमीटरवर येतात. भिंतीचा खरा मध्य १५ मीटरवर आहे, तो १३.३ मिलिमीटरवर पडतो. चित्रातला मध्य मात्र १५ वर. म्हणजे मध्य मध्य राहिला नाही. भिंतीवर विटांचं टेक्श्चर, म्हणजे विटांचं सपाट चित्र, चिकटवताना हे विसरलात तर विटा वाकड्यातिकड्या होतात. त्यासाठी खोलीच्या ऐवजी खोलीचा व्यस्त, म्हणजे १ भागिले खोली, सरळ रेषेत बदलत नेतात. पडदे रंगवणाऱ्या चित्रकारांची युक्ती याहून सुंदर आहे: दूर जाणाऱ्या भिंतीचे दोन्ही कर्ण काढायचे, ते जिथे छेदतात तिथे खरा मध्य. अंतरं बिघडतात, गुणोत्तरं बिघडतात, पण सरळ रेषा सरळ राहते आणि छेदबिंदू छेदबिंदूच राहतो.

म्हणून कोणतंही रूपांतर समोर आलं की पहिला प्रश्न विचारा, यात काय टिकलं? फिरवण्यात लांबी आणि कोन टिकतात. ताणण्यात तेही जातात, पण समांतर रेषा आणि मध्य टिकतात. कॅमेऱ्यात समांतरही जातात, रूळ एकमेकांना भेटतात, उरते ती फक्त सरळता. चौथ्या आकड्यामुळे चार-बाय-चार झालेल्या मॅट्रिक्सचे सोळा आकडे वाचण्याआधी हे एवढं कळलं, तर आकड्यांची भीती राहत नाही.

कॅल्क्युलस आणि संभाव्यता लागणारच आहेत, त्यांच्यासाठी पुढचे आठवडे आहेत. आज एवढंच सांगते की एका बिंदूवर सगळीकडून येणारा उजेड मोजायचा म्हणजे इन्टिग्रल, अगणित बारीक वाट्यांची बेरीज, घ्यायचा, आणि तो सहसा अचूक काढता येत नाही म्हणून यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढतात. चित्रातला रवाळपणा निम्मा करायचा असेल तर नमुने चौपट लागतात, १०० चे ४००. रात्रभर मशिन का चालू ठेवावं लागतं ते यात आलं.

कॅमेऱ्यात फक्त सरळता टिकते म्हणाले, ते पूर्ण खरं नाही. आणखी एक गोष्ट टिकते, ती तुम्ही शोधून आणा. आज संध्याकाळी रंकाळ्यावर जा. काठावर एका ओळीत, समान अंतरावर असलेले चार खांब निवडा आणि तिरकं उभं राहून फोनवर फोटो काढा. फोटोत पट्टी लावून अंतरं मोजा. पहिल्यापासून तिसरा गुणिले दुसऱ्यापासून चौथा, भागिले दुसऱ्यापासून तिसरा गुणिले पहिल्यापासून चौथा. मग दहा पावलं पुढे जाऊन दुसरा फोटो काढा, पुन्हा मोजा. प्रत्येक अंतर बदललेलं असेल, आणि उत्तर दोन्ही वेळा १.३३ च्या आसपास येईल. का येतं, ते उद्या सकाळी फळ्यावर कोण मांडणार, आत्ताच ठरवा.