तुमचं काम कोण पाहतं?

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या नागपुरात सक्करदऱ्यापासून धरमपेठेपर्यंत गेल्या काही वर्षांत एक नवी पाटी दिसू लागली आहे: संमोहन उपचार केंद्र. खाली बारीक अक्षरात झोप, भीती, व्यसन, परीक्षेचा ताण. आत गेलं की खुर्चीमागच्या भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं, त्यावर सोनेरी शिक्का. अमुक संस्थेचे सदस्य, तमुक मंडळाचे आजीव सदस्य. आज मला त्या भिंतीबद्दल बोलायचं आहे. हे सदस्यत्व कोणी दिलं, काय तपासून दिलं, आणि दिल्यानंतर त्या माणसाच्या कामाकडे कोणी पाहतं का?

संमोहन खोटं नाही, हे आधीच सांगते. नीट शिकलेल्या माणसाच्या हाती ते उपयोगी पडतं. पोटाचा जो जुनाट त्रास आपण आयबीएस म्हणून ओळखतो, त्यावर मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ साली संमोहनाचा चांगला परिणाम दाखवला होता. संमोहनात माणूस बेशुद्ध होत नाही. त्याचं लक्ष एका जागी गोळा होतं आणि समोरच्याची सूचना मनात सहज उतरते. सूचना सहज उतरते, एवढं लक्षात ठेवा. पुढची गोष्ट त्यावरच आहे.

दर शनिवारी दुपारी माझ्याकडे मानसिक उपचार करणारी काही तरुण मंडळी बसतात. आठवड्यात कोणाबरोबर काय काम केलं, कुठे अडलं, ते एकेक जण मांडतो आणि मी प्रश्न विचारते. आमच्या व्यवसायात याला सुपरव्हिजन म्हणतात. त्यांच्यातला एक मुलगा, मानसशास्त्रात एम. ए., नंतर संमोहनाचा कोर्स केलेला, स्वभावाने फार मायाळू, एका शनिवारी पायरी चढतानाच म्हणाला, “मॅडम, मूळ सापडलं!”

ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. समजा, काटोलकडच्या. घरची संत्र्याची बाग, वय चाळिशीचं. रात्री दोनला जाग यायची, छाती धडधडायची, मग सकाळपर्यंत डोळा लागायचा नाही. या मुलाने संमोहनात त्यांना लहानपणात नेलं. त्यांना धान्याची कोठी दिसली, अंधार दिसला, धोतर नेसलेला एक पुरुष दिसला, आणि त्या हमसून रडल्या. ते होते त्यांचे मोठे काका. बाई घरी गेल्या त्या गप्पच झाल्या. महिन्याभराने पुतण्याचं लग्न होतं. त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, काका मांडवात असतील तर मी येणार नाही.

मी विचारलं, “रेकॉर्डिंग आहे का?” होतं. बाईंची लेखी संमती घेऊन त्याने ते केलं होतं, ही त्याची शाबासकीची गोष्ट. मे महिना होता, तरी आवाज नीट यावा म्हणून आम्ही कूलर बंद केला आणि फोन टेबलावर ठेवला.

त्याचा आवाज: “काय दिसतंय?”

“अंधार दिसून राह्यला. धान्याची खोली हाये. कोंड्याचा वास येऊन राह्यला.”

बराच वेळ शांतता. मग त्याचा आवाज: “खोलीत आणखी कोण आहे?”

“असन कोणी.”

“पुरुष आहे का?”

“असन.”

“ओळखीचा आहे?”

“धोतर हाये…”

“घरातलंच कोणी? काका?”

आणि इथे बाई रडायला लागतात.

मी फोन थांबवला. म्हटलं, “काकांचं नाव आधी कोणी घेतलं?” तो म्हणाला, “त्यांनीच.” म्हटलं, पुन्हा लाव. त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने वही उघडली. सत्र संपल्या संपल्या त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: क्लायंटने काकांचा उल्लेख केला. श्रोतेहो, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं आठवत होतं. खोलीत दुसरं कोणी आहे हे त्याने सुचवलं, तो पुरुष आहे हे त्याने सुचवलं, काका त्याने सुचवले. आणि बाईंच्या मनात ती आठवण तयार होत असताना त्याच्या मनातही तयार झाली.

काकांनी काही केलं नाही, असं मी त्याला म्हटलं नाही. ते आम्हाला कळायला मार्गच नव्हता. संमोहनात वर आलेली आठवण जास्त खरी असते, असा भरवसा धरता येत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्येच तसं बजावलं होतं. अशा आठवणीत कल्पनेची भर पडू शकते, आणि माणसाची खात्री मात्र वाढते. आमच्यापुढचं काम वेगळं होतं: काय झालं ते बाईंना सरळ सांगणं.

त्याने पुढच्याच आठवड्यात त्यांना बोलावलं. संमोहन नाही, समोरासमोर बसून त्यांनाच ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “मले तर वाटून राह्यलं होतं का मीच म्हटलं.” कोठी खरी होती. कोंड्याचा वास खरा होता. धोतर तर त्या घरातले त्या वेळचे सगळेच पुरुष नेसत. त्यापुढचं काही त्यांना स्वतःहून आठवत नव्हतं. लग्नाला त्या गेल्या. छातीच्या धडधडीसाठी आम्ही त्यांना मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभागात पाठवलं, तिथे औषध सुरू झालं. हे खरं म्हणजे पहिल्या भेटीतच व्हायला हवं होतं. झोप यायला मात्र वेळ लागला, काही महिने लागले.

आता विचार करा, हा मुलगा शनिवारी कोणाकडे बसत नसता तर? वही सांगत होती काका, तो सांगत होता काका, बाई सांगत होत्या काका. म्हणून मी म्हणते, पुन्हा म्हणते: उपचार करणाऱ्याचं काम पाहणारं दुसरं कोणीतरी हवंच. तो नवखा असो की केस पांढरे झालेला असो. ब्रिटनमध्ये समुपदेशकांची बीएसीपी नावाची मोठी संघटना आहे. तिच्या अ‍ॅक्रेडिटेड, म्हणजे तिने खास मान्यता दिलेल्या, सदस्यांना काम करत असताना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी.

नुसत्या सदस्यत्वाचं काय होतं, तेही त्याच देशात दिसलं. २००९ साली बीबीसीच्या एका वार्ताहराने आपल्या मांजराच्या नावाने संमोहनतज्ज्ञांच्या संघटनांकडे अर्ज केले. मांजराचं नाव जॉर्ज. तीन संघटनांनी जॉर्जची नोंद करून घेतली. अर्जदार माणूस आहे का, एवढंही कोणी पाहिलं नव्हतं. तिथे आज सरकारमान्यता मिळालेली ऐच्छिक नोंदणी आहे, तरीही संमोहन उपचारक ही पदवी लावायला कायद्याची आडकाठी नाही. रंगमंचावरच्या संमोहनाला मात्र १९५२ पासून कायदा आहे, आणि लहान वयाच्या मुलांना अशा खेळात संमोहित करायला बंदी आहे. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलांना स्टेजवर बोलावून कांदा सफरचंद म्हणून खायला लावतात आणि पालक टाळ्या वाजवतात. मला हे अजिबात पसंत नाही.

आपल्याकडचा नियम थोडक्यात. संमोहन उपचारकांची अशी वेगळी सरकारी नोंदवही भारतात नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये कळवलं होतं की संमोहन ही उपचाराची एक रीत आहे, आणि ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरावी. आता हे योग्य प्रशिक्षण दोन दिवसांच्या कार्यशाळेचं, की दोन वर्षांचं? इथेच सगळी गोम आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना, मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते, डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेकडे. त्यांचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो तपासता येतो. नावाआधी डॉ. दिसलं तर कशाचे डॉक्टर, हे विचारायला लाजू नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नागपुरातल्या संमोहन करणाऱ्यांनी सरकारची वाट पाहू नये. स्वतःची संघटना बांधावी आणि तिचं सदस्यत्व वर्षावर्षाला नव्याने घ्यायला लावावं. सुपरव्हिजनच्या तासांची नोंद दाखवली नाही तर नूतनीकरण नाही. तक्रार ऐकायला समिती हवी, आणि त्या समितीत धंद्याबाहेरचा एक तरी माणूस हवा. आजीव सदस्यत्व तर बंदच करावं. ज्याचं काम पुन्हा कधी तपासलंच जात नाही, त्याला जन्मभराची हमी कोण देणार?

तुम्ही स्वतः जाणार असाल, किंवा घरातल्या कोणाला नेणार असाल, तर डोळे मिटण्याआधी विचारा: तुमचं काम कोण पाहतं? पुन्हा सांगते, हाच प्रश्न, याच शब्दांत: तुमचं काम कोण पाहतं? चांगला उपचारक रागावणार नाही, नाव सांगेल. सोबतच्या माणसाला बाहेर बसू देत नाही, रेकॉर्डिंग करण्याआधी विचारत नाही, मागचा जन्म दाखवतो म्हणतो, किंवा मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या बंद करा म्हणतो, तिथून उठून या. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारायचं.

आणि कुठे जावं हे कळत नसेल, तर मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आहे, मिहानला एम्स आहे. घरूनच बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. क्रमांक लिहून घ्या: एक चार चार एक सहा. पुन्हा, १४४१६.

नमस्कार.